मदत हवी आहे : भिंतीवरची मारबत अन् माझं मुद्रा लोन

नमस्कार मंडळी, नागपूरच्या महाल भागात चितार ओळीजवळ आमचा तर्री पोह्याचा ठेला आहे. समोरच्या भिंतीपाशी आधी लोकं कचरा टाकायचे, पिचकाऱ्या मारायचे, मग पोळ्याच्या आधी गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून तिथं पिवळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक काढून जाळतात तो पुतळा) रंगवली, हे मोठ्ठे डोळे, अन् खरं सांगतो तेव्हापासून एक पिचकारी नाही पडली तिथं. आता लोकं फोटो काढायला थांबतात, मग पोहे खातात, बाजूची चहावाली काकू पण खूष. सकाळी नऊलाच तर्री संपून राहिली ना बावा!

तर आता बाजूचा गाळा भाड्यानं घ्यायचा आहे, डिपॉझिट, भट्टी, दोन बाकं धरून ऐंशी हजार लागतील. मुद्रात, म्हणजे छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी कर्ज योजनेत, शिशु गट ५०,००० पर्यंतच आहे, म्हणजे मला किशोर गटात जावं लागेल, ते ५ लाखांपर्यंत आहे. पण बँकेतला साहेब म्हणतो काहीतरी तारण द्या नाहीतर जामीनदार आणा. मुद्राला तारण लागतच नाही ना? उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) केली आहे, ती तर फुकटात झाली. कोणी असं लोन घेतलं असेल तर सांगा, साहेबाला लेखी विचारू का, तक्रार कुठं करायची?

अजून एक, घरमालक आता भिंतीला चुना मारतो म्हणून राहिला. त्याला कसं पटवायचं राजेहो?