प्लेटलेट्स, डबा आणि तेराव्यानंतरचे दिवस

ओळखीच्या घरात रक्ताचा कर्करोग निघाल्यावर ‘काही लागले तर सांगा’ यापलीकडे काय करावे, या प्रश्नावर अनुभवातून थोडे सांगतो. माझ्या भाच्याच्या आजारपणात हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले, पण सांगण्याइतके त्राणच त्या घरात उरलेले नसते. केमोथेरपीनंतर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, घसरतात, साठवणीत त्या जेमतेम 5 दिवस टिकतात, आणि पुढे नातेवाइकाकडून अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) घेण्याची शक्यता असेल तर रक्ताच्या नात्यातल्यांनी रक्त देणे टाळायचे असते. म्हणजे दाते बाहेरूनच शोधावे लागतात. एका शेजाऱ्याने वहीच्या पानावर बारा जणांची नावे, रक्तगट आणि मोकळे वार लिहून आणून दिले होते. ते पान बहिणीने अजून जपून ठेवले आहे.

मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या गर्दीपेक्षा दहाव्या महिन्यातला डबा मोलाचा. तो ताजा आणि नीट शिजवलेला असावा, आणि देणाऱ्याला साधी सर्दी असली तरी त्याने दुसऱ्याच्या हाती पाठवावा.

भाचा गेला. तेराव्यानंतर घर रिकामे झाले आणि बहिणीला दुःख होईल म्हणून लोक त्याचे नाव घेणेच टाळू लागले. तिला तेच सर्वांत जास्त लागले. वॉर्डात शेजारच्या खाटेवर असलेल्या मुलाची आई मात्र आजही त्याच्या वाढदिवसाला फोन करते, आणि त्या दोघी तासभर त्याच्याविषयीच बोलतात.