आई-बाबांचा पहिला अमेरिका प्रवास : शिकागोला इमिग्रेशन, कस्टम्स आणि पुढचं विमान

ओहायोकर

आई (वय ६६) आणि बाबा (वय ७१) ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच अमेरिकेला येत आहेत. मार्ग मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–कोलंबस, सगळं एकाच तिकिटावर. शिकागोला पुढच्या विमानासाठी २ तास ४० मिनिटं आहेत. दोघांचा बी१/बी२ (पर्यटक) व्हिसा आहे, पण बाबांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे आणि मध्ये पासपोर्ट नवा झाला. परतीचं तिकीट ५ महिन्यांनंतरचं. सप्टेंबरात आमच्याकडे बाळ येणार आहे. दोघांना इंग्रजी वाचता येतं, बोलायची सवय नाही. बाबांच्या गुडघ्यामुळे व्हीलचेअर सांगितली आहे.

विमानातून उतरल्यापासून पुढचं विमान गाठेपर्यंत नेमकं काय काय होतं, ते क्रमाने हवं आहे. अधिकारी काय विचारतात आणि बाळाचं सांगावं की नाही? ओळखीचे लोक म्हणतात, ‘खायचं काही नाही असंच सांगा.’ ते बरोबर आहे का? आई बाळंतिणीचं सगळं सामान बांधते आहे.

टर्मिनल_पाच

क्रम सांगतो, कारण तिथेच लोक सर्वांत जास्त चुकतात.

फ्रँकफर्टला अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, फक्त विमानतळाबाहेर पडायचं नाही. तिथेच शिकागोच्या विमानाच्या गेटवर पासपोर्ट, व्हिसा आणि अमेरिकेतला पत्ता पुन्हा तपासतात. बाबांनी दोन्ही पासपोर्ट एकत्र हातात ठेवायचे. रद्द झालेल्या पासपोर्टवरचा व्हिसा मुदतीत असेल तर तो चालतो. व्हिसाचं पान फाटलेलं किंवा खराब झालेलं नसावं आणि नवा पासपोर्ट त्याच देशाचा असावा, एवढंच. जुना पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला तर मात्र मुंबईतच अडवतील. बोर्डिंग पासवर इंग्रजी ‘एस’ चार वेळा छापलेलं दिसलं तर घाबरायचं नाही. सुरक्षा तपासणी जास्त कसून होणार, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी गेटवर लवकर जायचं.

आता शिकागो. इमिग्रेशन अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर होतं, म्हणजे शिकागोला, कोलंबसला नाही. बॅगांवर मुंबईत कोलंबसचा टॅग लागलेला असतो आणि काउंटरवर ‘थेट शेवटपर्यंत जातील’ असंही सांगतात. तरीही शिकागोला त्या पट्ट्यावरून स्वतः उचलाव्या लागतात. हे न कळल्यामुळे लोक बॅगा तिथेच सोडून पुढे जातात आणि मग कोलंबसला सामान पोहोचत नाही. (अबू धाबी किंवा डब्लिनहून येणाऱ्या काही विमानांचं इमिग्रेशन तिकडेच उरकतं. तिथला क्रम वेगळा.)

तर विमान टर्मिनल ५ ला लागेल. व्हीलचेअरवाला विमानाच्या दारापाशी येतो. तो आला नसेल तर दारातच थांबायचं, चालायला लागायचं नाही. बाबांसोबत आईनेही त्याच्याबरोबरच राहायचं. इमिग्रेशनची रांग ‘व्हिजिटर्स’ची. फोन खिशात ठेवायचा. त्या दालनात फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सॲप कॉल काही चालत नाही. नवरा-बायको एकाच खिडकीवर एकत्र जाऊ शकतात आणि जावंच. नंतर बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर पडायचं. लगेचच पुढच्या विमानांच्या बॅगा परत देण्याचा काउंटर लागतो, तिथे टॅग दाखवून त्या द्यायच्या. मग एटीएस नावाची विनाचालक फुकट ट्रेन. तिने आपल्या विमानाच्या टर्मिनलला जायचं (कोलंबसचं विमान युनायटेडचं असेल तर बहुधा १ किंवा २, टर्मिनल आणि गेट स्क्रीनवर बघूनच ठरवा). तिथे सुरक्षा तपासणी पुन्हा, पहिल्यापासून.

या दुसऱ्या तपासणीत १०० मिलिलिटरवरचा द्रव पदार्थ जातो. फ्रँकफर्टला घेतलेलं पण दुकानाच्या सीलबंद पिशवीतून काढलेलं अत्तर, विमानातली पाण्याची बाटली, हातातल्या पिशवीतलं लोणचं, सगळं. जे वाचवायचं असेल ते बॅगा परत देण्याआधी मोठ्या बॅगेत टाकायचं. मधल्या चार पावलांतच ती संधी असते.

२ तास ४० मिनिटं पुरतात, पण हाताशी फारसा वेळ उरत नाही. एकाच वेळी तीन-चार मोठी विमानं उतरली तर इमिग्रेशनलाच दीड तास जाऊ शकतो. व्हीलचेअरची रांग वेगळी असते, पण ती नेहमी लवकर सरकते असं समजू नका, कारण तिथेही माणसाची वाट बघावी लागते. तुमचं तिकीट एकच आहे ही मोठी जमेची बाजू. विमान चुकलं तर विमान कंपनी पुढच्या विमानात जागा देते, त्याचे पैसे लागत नाहीत. आई-बाबांना फक्त एक वाक्य पाठ करून द्या, ‘मिस्ड कनेक्शन, कोलंबस’, आणि बोर्डिंग पास दाखवायला सांगा. व्हीलचेअरची नोंद तिन्ही विमानांवर स्वतंत्र झाली आहे का, ते निघण्याच्या ४८ तास आधी फोन करून विचारा. बऱ्याचदा ती पहिल्याच विमानावर असते.

खिडकीपाशी

खिडकीवरच्या संभाषणाबद्दल लिहिते.

मुळात व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस राहू द्यायचं, हे खिडकीमागचा अधिकारी ठरवतो. बहुतेकांचं काम दोन-तीन मिनिटांत होतं. प्रश्न ठरावीक असतात: कशासाठी आलात, कोणाकडे, मुलगा काय करतो, कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का, पैसे किती आणलेत, खायचं काही आहे का. उत्तर एका वाक्यात द्यायचं. विचारलं नाही ते सांगायचं नाही; विचारलेलं लपवायचंही नाही.

बाळाचं न सांगण्याचा सल्ला अजिबात ऐकू नका. नातवंड होणार म्हणून भेटायला येणं हे पूर्णपणे रास्त कारण आहे. गोंधळ होतो तो शब्दांमुळे. आपल्याकडे ‘बाळंतपणासाठी आलोय’, ‘बाळाला सांभाळायला आलोय’ असं सहज म्हणतात. त्याचं जसंच्या तसं इंग्रजी केलं की अधिकाऱ्याला ऐकू येतं, ‘हे दाईचं काम करायला आलेत.’ पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही आणि पैसे मिळत नाहीत म्हणून ते काम ठरत नाही असं नाही. म्हणून सरळ उत्तर: ‘टू व्हिजिट अवर सन. अवर ग्रँडचाइल्ड इज ड्यू इन सप्टेंबर.’ सून रजेवर आहे, मुलगा घरी आहे, आजी-आजोबा कौतुकाला आलेत, हे चित्र खरं असेल तर लपवण्यासारखं काही उरतच नाही. पण तुम्ही दोघं ऑफिसला आणि बाळ पाच महिने आई-बाबांकडे, अशी तुमची योजना असेल, तर योजना बदला, उत्तर बदलू नका. खोटी माहिती दिल्याचं नोंदलं गेलं तर पुढे अमेरिकेचा व्हिसा मिळणं कायमचं बंद होऊ शकतं.

‘किती दिवस’ याचं उत्तर दोघांचं एकच हवं आणि ते तिकिटाशी जुळायला हवं. आईने ‘सहा महिने’, बाबांनी ‘बघू, डिसेंबरपर्यंत’ म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात.

इंग्रजी अडलं तर अंदाजाने मान हलवू नये. न समजलेल्या प्रश्नाला ‘येस’ म्हणणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक. ‘मराठी, इंटरप्रिटर प्लीज’ एवढं म्हणावं. फोनवरून दुभाषा जोडून देतात, थोडा वेळ लागतो. मराठीला उशीर होत असेल आणि हिंदी नीट येत असेल तर हिंदी चालेल.

एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून द्या: तुमचं नाव, नातं, घरचा पूर्ण पत्ता झिपकोडसकट, फोन, नोकरीचं ठिकाण, परतीची तारीख. त्याच्या दोन प्रती, दोघांच्या हातातल्या पिशवीत. सोबत परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद. निमंत्रणपत्र बंधनकारक नाही, असलं तर बिघडत नाही.

बोटांचे ठसे आणि फोटो होतील. वयामुळे, आयुष्यभराच्या कामामुळे ठसे पुसट होतात, कोरड्या विमानात त्वचा आणखी सुकते आणि यंत्र पुन्हा पुन्हा मागतं. रांगेत असतानाच हाताला थोडं क्रीम चोळून पुसून घ्यावं.

फराळ_पेटी

‘खायचं काही नाही’ असं सांगणं म्हणजे साध्या तपासणीवर भागलं असतं तिथे दंड ओढवून घेणं. जाहीर केलेली वस्तू नियमात बसत नसेल तर ती काढून टाकतात, दंड होत नाही. जाहीर न करता सापडली तर पहिल्याच वेळी साधारण ३०० डॉलरपासून दंड सुरू होतो. त्यामुळे उत्तर कायम ‘येस, फूड’. पुढे काय म्हणून विचारलं की ‘ड्राय स्नॅक्स, स्वीट्स, स्पायसेस, पिकल’. बॅग एक्स-रेमधून काढतील, फार तर उघडतील.

चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे आणि डिंकाचे लाडू, गोडा मसाला, हळद, तिखट, सुंठ, ओवा, बडीशेप, लोणचं हे सगळं सहसा जातं. लोणचं मोठ्या बॅगेतच. साजूक तूप बंद डब्यातलं, लेबल असलेलं न्या.

न नेण्याच्या वस्तूंमागे कारणं आहेत, ती आईला समजावून सांगा म्हणजे पटेल. तांदूळ आणि हरभरे भारतातून प्रवाशांच्या सामानात नेता येत नाहीत, कारण खापरा भुंगेरा. हा किडा साठवलेलं धान्य फस्त करतो आणि खाद्याशिवायही बराच काळ तग धरतो. आंबेमोहोराची पिशवी म्हणून नको. डाळी-कडधान्यंही नकोतच, तिथल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं. ताजा कढीपत्ता लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणाऱ्या किडीला आसरा देतो, तो बंद. ताजी फळं, भाज्या, विड्याची पानं, पूजेची फुलं बंद. हापूससुद्धा. अमेरिकेत २००७ पासून जो भारतीय आंबा विकला जातो, तो लासलगावसारख्या मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण करून जातो. बॅगेतल्या आंब्याला ती वाट नाही. पेढे, बर्फी, खवा यांचा धोका घेऊ नका: आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, म्हणून दुधाच्या पदार्थांवर बंधनं आहेत. त्याच कारणाने बारशाच्या होमासाठी गोवऱ्या आणि गोमूत्रही अजिबात नको.

बाळंतिणीच्या सामानात डिंक, खारीक ठीक आहे, पण वेगळं करून वर ठेवा, दाखवायला सोपं जातं. हळीव कच्चे नेले तर पेरण्याजोगं बी म्हणून अडकू शकतात. लाडू करून न्यावेत. काजळाच्या डब्या नकोत: शिशाच्या भीतीने तिथे काजळ-सुरम्याला परवानगी नाही आणि बाळासाठी तर नकोच. आणखी एक, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईतच बॅगेतून काढायला लावतात. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. किसून, भाजून लाडवात गेलेल्या खोबऱ्याचा प्रश्न येत नाही.

कधी दुबईमार्गे किंवा दुबईला येणं झालं तर अनारशांवर खसखस असते हे विसरू नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ते प्रकरण दंडावर भागत नाही.

ओहायोकर

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. औषधं ५ महिन्यांची न्यायची आहेत (रक्तदाब, मधुमेह). आणि इमिग्रेशनला जास्त चौकशीसाठी त्यांना आतल्या खोलीत नेलं तर मी बाहेरून काय करायचं?

खिडकीपाशी

औषधं मूळ पाकिटात, दुकानाच्या बिलासकट, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव आणि मात्रा लिहून. अमेरिकेत ९० दिवसांपुरती औषधं हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणून चिठ्ठीत मुक्काम ५ महिन्यांचा असून तेवढी औषधं लागतात, असं स्पष्ट लिहून घ्या. निदान दहा दिवसांची हातातल्या पिशवीत, बाकीची मोठ्या बॅगेत. डबीत मोकळ्या गोळ्या भरून नेऊ नका. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेलं काही असेल तर ते आपणहून जाहीर करायचं.

आत नेणं म्हणजे परत पाठवणं नव्हे. नावसाधर्म्य, पासपोर्ट बदललेला, एखादं उत्तर न जुळलेलं, अशा कारणांनी तासभर, कधी दोन-तीन तास बसवतात. फोन वापरू देत नाहीत, म्हणून तुम्हाला त्यांचा काहीच पत्ता लागणार नाही. तुम्ही त्या दिवशी अनोळखी नंबरचा प्रत्येक फोन उचला, कारण अधिकारी तुम्हालाच फोन करून खात्री करतात. तुमची आणि आई-बाबांची उत्तरं सारखी असली की सुटतात. बाबांना मधुमेह आहे, तर खिशात बिस्किटं असू द्या आणि औषधाची वेळ झाली की तसं सांगायचं. समजल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा.

टर्मिनल_पाच

ते घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तुम्ही करायचं काम: सीबीपीच्या (अमेरिकेच्या कस्टम्स आणि सीमा विभागाच्या) अधिकृत संकेतस्थळावरून दोघांचा आय-९४ (प्रवेशाची नोंद) उतरवून घ्या. तो हल्ली कागदावर मिळत नाही आणि पासपोर्टवर शिक्काही अनेकदा मारत नाहीत. त्यातली ‘या तारखेपर्यंत’ हीच राहण्याची खरी मुदत, व्हिसावरची तारीख नव्हे. पर्यटकाला बहुधा ६ महिने मिळतात, पण दोघांच्या तारखा वेगळ्या पडलेल्याही दिसतात. नाव, जन्मतारीख, बी२ हा वर्ग आणि बाबांच्या बाबतीत नव्या पासपोर्टचा नंबर पडताळा. जुन्या नंबरने नोंद झाली असेल तर नव्याने शोधल्यावर ‘सापडत नाही’ असं येतं. जुना टाकून बघा. चूक निघाली तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त होते. मुदत उलटली की व्हिसा आपोआप रद्द होतो, एक दिवस उलटली तरी. परतताना अमेरिकेत शिक्का मारत नाहीत, जाण्याची नोंद विमान कंपनीच्या यादीवरून होते. त्यामुळे परतीचे बोर्डिंग पास पुढच्या वेळेपर्यंत जपून ठेवायला सांगा.