रविवार सकाळ, सोसायटी ग्रुप: चेटकिणींनी खून कर असं कुठे सांगितलं?

बी-३०४ वहिनी: नमस्कार. काल क्लबहाऊसमध्ये शेक्सपियरच्या मॅकबेथ नाटकाचं वाचन झालं, चांगलं झालं. पण नंतर लिफ्टपाशी जे खिदळणं चाललं होतं तेही ऐकू आलं. "आपल्या विंगमध्येपण एक लेडी मॅकबेथ आहे." कोणाबद्दल ते कळण्याइतकी अक्कल मला आहे. ह्यांना सेक्रेटरी व्हायचं होतं, हे उभे राहिले. मी ढकललेलं नाही.

ए-१०२ अप्पा: वहिनी गैरसमज नको 🙏 नाटकाबद्दलच चाललं होतं.

सी-४०१: अप्पा, तुम्हीच म्हणालात. मी शेजारीच उभा होतो 😄

ए-१०२ अप्पा: तुम्ही आधी मेंटेनन्स भरा.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठीच वापरावा. उद्या टाकी सफाई. ११ ते ४ पाणी बंद.

बी-२०१ सर: मुद्दा एकच आहे. चेटकिणींनी खून कर असं कुठे सांगितलं? मॅकबेथला तीनदा मुजरा केला फक्त. ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार, पुढे राजा. ग्लॅमिस तो होताच. कॉडॉरवाल्याने गद्दारी केली म्हणून ती सरदारकी डंकन राजानेच देऊन टाकली. दोन खरे निघाले की माणसाला तिसऱ्याची घाई होते.

ए-१०२ अप्पा: सर, पण मॅकबेथ राजाला मारायच्या बेतातून माघार घेत होता की! राजा घरी पाहुणा आलेला, आपलाच नातलग, आता हे पुढे न्यायचं नाही असं स्पष्ट म्हणतो. बायकोने मर्दपणा काढला तेव्हा कुठे तयार झाला.

डी-५०३ ताई: अंगावर पिणारं लेकरू आपटलं असतं म्हणते ते वाचताना माझा आवाजच फुटेना काल.

सी-४०१: उद्या ११ ते ४ पाणी बंद. लेडी मॅकबेथने रक्ताचे हात कुठे धुवायचे?

ए-१०२ अप्पा: 😂😂

सेक्रेटरी: सूचना विनोदासाठी टाकलेली नाही.

बी-१०३ काकू: बादल्या भरून ठेवा सगळ्यांनी. मागच्या वेळी ४ चे ७ झाले होते.

बी-२०१ सर: पुन्हा विचारतो. चेटकिणींनी खून कर असं कुठे सांगितलं?

ए-२०४: गंमत म्हणजे खरा डंकन झोपेत मेलाच नाही. १०४० मध्ये मॅकबेथशी झालेल्या लढाईत पडला. त्यानंतर मॅकबेथने १७ वर्षं राज्य केलं. आणि शेक्सपियरने ज्या होलिनशेडच्या बखरीवरून गोष्ट घेतली तिच्यात मॅकबेथचा सोबती सेनापती बँको कटात सामील आहे! पण १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज समजायचा. मग नाटकात बँको सज्जन.

सी-४०१: म्हणजे मिनिट्स बदलले. आपल्याकडे पार्किंगच्या ठरावाचं झालं तसं.

सेक्रेटरी: मिनिट्सचा विषय इथे नको. ऑफिसमध्ये रजिस्टर आहे, येऊन बघावं.

सी-४०१: तीनदा आलो. कुलूप होतं.

बी-३०४ वहिनी: पार्किंग राहू दे. अप्पा, मी रात्री परत पुस्तक काढून बसले. चेटकिणी दिसतात तिथेच, बायकोची गाठ पडायच्या कितीतरी आधी, खुनाचा विचार त्याच्याच मनात येतो आणि स्वतःच दचकतो. ती बया वाईटच, मी वकिली करत नाही. पण झोपलेला राजा तिला वडिलांसारखा दिसला आणि तिचा हात उचलला नाही, हेही तीच सांगते. बँकोच्या खुनाच्या वेळी तर तिला काही कळूच दिलं नाही. मारेकऱ्यांना ह्याने एकट्याने बोलावलं. तुमचे हाल बँकोमुळे झाले म्हणून कान भरले, खरंखोटं देव जाणे. ते म्हणाले, आम्ही माणसं आहोत महाराज. तर म्हणतो, यादीत माणसं म्हणून लागता खरे, तशी शिकारी आणि गावठी सगळी कुत्रीच. बायकोने ह्याच्यावर जे हत्यार चालवलं तेच ह्याने गरिबांवर चालवलं! विरोधात गेलेल्या मॅकडफ सरदाराच्या बायकापोरांना मारलं त्या अख्ख्या चौथ्या अंकात ती रंगमंचावरसुद्धा नाही. पण लिफ्टपाशी नाव कोणाचं?

डी-५०३ ताई: 👏👏

ए-१०२ अप्पा: मारेकऱ्यांचं लक्षात नव्हतं आलं. तो प्रवेश काल वेळेअभावी गाळला होता. मीच गाळला. बोललो असेन तर माफी 🙏

बी-३०४ वहिनी: असेन तर?

ए-१०२ अप्पा: बोललो. माफी.

बी-१०३ काकू: पुढच्या वेळी शिरवाडकरांचं मॅकबेथवरूनच केलेलं राजमुकुट घ्या. आणि चहा आधी द्या.

बी-२०१ सर: वहिनी, म्हणजे मी सकाळपासून तेच म्हणतोय. चेटकिणींनी खून कर असं कुठे

बी-३०४ वहिनी: हो सर. कुठेच नाही.

सेक्रेटरी: बदल: टाकी सफाई १० पासून. नोंद घ्यावी.

बी-३०४ वहिनी: अहो ११ च. मी सांगितलं होतं ना.

सेक्रेटरी: ११ पासून. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सी-४०१: हा मेसेज डिलीट केला आहे