मदत हवी आहे : हर्णै ते गुहागर पायी

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीची नऊ टाळकी, वय पन्नाशीच्या पुढं. आषाढीला पंढरपूरला पायी जायची सवय आहे, पण समुद्राकाठानं कधी चाललो नाही. जानेवारीत हर्णैपासून मुरुड, कर्दे, लाडघर करत दाभोळ, तिथून फेरीबोटीनं धोपावे, मग अंजनवेलचा गोपाळगड बघून गुहागर, असं डोक्यात आहे. हर्णैला होडीनं सुवर्णदुर्गही करायचा. १७५५ मध्ये इंग्रजांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, एवढं वाचलंय.

खरी अडचण भरती-ओहोटीची. आमच्याकडं पाणी नळाला कधी येणार एवढंच बघायचं असतं! भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते हे कळलं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याचा चढ-उतार मोठा; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. मग चालायला तिथी कोणती धरावी? उधाणाच्या ओहोटीला वाळू जास्त उघडी पडते, पण भरतीला कड्याखाली अडकलो तर?

लाडघर ते दाभोळ काठानं वाट आहे का, की डांबरी रस्ताच धरावा? आणि आमच्यातले चौघं माळकरी आहेत. वाटेत शाकाहारी जेवणाची घरगुती सोय कुठं होईल? भाकरी मिळाली तर सोन्याहून पिवळं.