घरच्यांना घेऊन कॅम्पिंग आणि मिलिटरीची जोंगा

यवतेश्वरकर: काल ग्रुपवर एकानं लिहिलं, "पोरंबाळं घेऊन कॅम्पिंगला जायचंय तर मिलिटरीतनं निघालेली जोंगाच घ्या, बाकी सगळी खेळणी." लोक असलं वाचून पैसे घालवतात म्हणून सविस्तर लिहितोय. जोंगा म्हणजे सैन्यासाठी बनवलेली जुनी जीपसारखी गाडी. मी ती तीन वर्षं सांभाळली. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. घाटात लिटरला चार किलोमीटर मिळाले तर नशीब. मे महिन्यात यवतेश्वर घाटात उन्हानं पेट्रोलची नळीतच वाफ झाली आणि गाडी बंद पडली. फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळून तासभर थांबलो. फडकं वाळलं की प्यायच्या पाण्यातनं परत भिजवायचं. धाकटी कठड्याच्या सावलीत रडत होती. त्यापेक्षा मारुतीची जिप्सी घ्या. १२९८ सीसी, अंगानं हलकी, रुतली तर चौघं ढकलून काढतात.

जोंगावाला_कोरेगाव: दादा, गाडी तुम्हाला सांभाळता आली नाही, तिला कशाला नावं ठेवताय? रेडिएटर साफ केला होता का? आणि जिप्सीत मागं समोरासमोर बाकंच की. पट्टा नाही, घाटात पोरं ओकून बेजार. माझ्या जोंगात तंबू, शेगडी, आई, दोन पोरं, सगळं मावतं. परवा चाळकेवाडीच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, फोर व्हील टाकून म्हणजे चारी चाकांना जोर देऊन पार आतपर्यंत नेली.

यवतेश्वरकर: बाकांचं मान्य. मी पुढं तोंड करून सीट बसवून घेतली, हे लिहायचं राहिलं.

अपशिंगेकर_माजी सैनिक: सतरा वर्षं या गाड्या चालवल्या. पलटण चांगली गाडी लिलावात काढत नाही, दमलेलीच काढते. पुढं दलाल तिच्यात दुसरंच डिझेल इंजिन बसवतो आणि आरसी बुकावर जुनाच नंबर राहतो. माझ्या मेहुण्याचं पासिंग त्यापायी आठ महिने अडलं. आधी चॅसी आणि इंजिन नंबर कागदाशी ताडा. आणि तो ऑलिव्ह ग्रीन रंग काढा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१: तो रंग फक्त सैन्याच्या गाड्यांना. आम्ही तो अंगावर घालून बर्फात उभे राहिलो, तुम्ही सहलीला मिरवता.

जोंगावाला_कोरेगाव: काका, तुमच्याबद्दल आदरच आहे. रंग बदलतो.

सड्यावरची: रंगाचं राहू द्या, सड्यावर गाडी घातली त्याचं काय? जांभ्यावर बोटभर माती असते. पावसात त्याच मातीत सीतेची आसवं ही इवली फुलं उगवतात. डबक्यांत वायतुरा असतो, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. त्याचे कंद उन्हाळ्यात खालीच असतात, तुम्हाला नुसतं माळरान दिसतं.

जोंगावाला_कोरेगाव: ताई, तिथं पवनचक्क्यांसाठी एवढे रस्ते पाडले, तेव्हा कुठं होता? माझ्या चार चाकांनी काय होतंय?

सड्यावरची: तेव्हाही बोलत होते, कुणी ऐकलं नाही. तुमच्या चाकांनी काय होतं ते सांगते. गेल्या वर्षी एका चाकोरीत हात घातला. माती दगडासारखी घट्ट, पाणी वरच्यावर साचलेलं. दोन पावसाळे झाले, तिथं गवताची काडी नाही. चाकोरीबाहेर वीतभर अंतरावर फुलं. कास पठार २०१२ ला जागतिक वारशात गेलं म्हणून तिथं पहारा. बाकीचे सडे काय वाऱ्यावर सोडायचे?

जोंगावाला_कोरेगाव: आम्ही कचरासुद्धा परत आणतो. आम्हालाच गुन्हेगार ठरवा!

अपशिंगेकर_माजी सैनिक: आवाज खाली, पोरा. ती बरोबर बोलतेय. फोर व्हील अडकलेली गाडी काढायला असते, माळ नांगरायला नव्हे.

यवतेश्वरकर: कॅम्पिंगच करायचं तर बामणोलीकडं शेतमालकाला विचारून तंबू टाका. गाडी बांधालाच राहते.

जोंगावाला_कोरेगाव: बरं. सड्यावर नाही नेणार. पण जोंगा विकणार नाही, सांगून ठेवतो. आणि दादा, ती पुढं तोंड करायची सीट कुठं बसवून घेतली?

यवतेश्वरकर: साताऱ्यातच. मेसेज टाका, सोबत येतो. पट्ट्याचे बोल्ट पत्र्यात नको, खालच्या चॅसीत घ्यायला लावा.