मुंबईतल्या शाळांची स्पर्धा नेमकी कोणाशी आणि किती अंतरावर?

गिरणगावकर (प्रश्न)

नमस्कार. लालबाग-परळ भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या शालेय समितीवर मी काम करतो. पटसंख्या सतत घसरत असल्याने समितीने मध्यंतरी नकाशावर शाळेभोवती दोन किलोमीटरचे वर्तुळ काढले आणि त्यात येणाऱ्या सर्व शाळा आपल्या स्पर्धक म्हणून यादीत घातल्या. मला ही रीत पटलेली नाही. शाळा सोडल्याचे दाखले चाळले, तर कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘पालकांचे स्थलांतर’ असेच लिहिलेले आहे. म्हणजे ती कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे राहायला गेली आणि मुलांची नावे तिथल्या शाळांत घातली गेली. दुसरीकडे, १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांतली मुले ज्या शाळांत जातात त्या आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असूनही त्यांचा आणि आमचा पालक एक नाही. मग कोणत्या शाळेची कोणाशी चढाओढ आहे, हे ठरवण्याची रास्त पद्धत कोणती? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उपनगरातील शिक्षिका

आपली शंका अगदी योग्य आहे. मी अंधेरीत शिकवते आणि माझ्या अनुभवाने सांगते की या शहरात किलोमीटरपेक्षा रेल्वेचे रूळ आणि त्यांवरचे पूल जास्त महत्त्वाचे असतात. आमच्याकडचा, रुळांवरून पूर्व-पश्चिम जोडणारा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला, तेव्हा पूर्वेच्या पालकांना पश्चिमेची शाळा अंतराने तेवढीच, पण वेळेने फार लांब झाली. त्या काळात प्रवेशासाठी चौकशीला येणारे पालक शुल्काच्याही आधी रिक्षा कोणत्या रस्त्याने येईल, हे विचारत. आपल्या भागातला डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. २०१८ साली पहिलीत बसलेले मूल तोवर सहावीत पोहोचले. एकदा नाव घातलेली शाळा पालक सहसा बदलत नाहीत आणि धाकटे भावंडही थोरल्याच्या मागोमाग त्याच शाळेत जाते, त्यामुळे पूल पुन्हा उभा राहिला तरी तुटलेला ओघ लगेच परत येत नाही. शहर भागात तर रिक्षाही नाही. पायी, बेस्टने किंवा शाळेच्या बसने येणारे मूल हाच आपला खरा परीघ.

अनुदानित शाळांमधली चढाओढ मात्र पालकांपेक्षा शिक्षकांना जास्त भोगावी लागते. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरते, तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि म्हणून एप्रिलच्या उन्हात आम्ही प्रवेश अर्ज घेऊन वस्तीत घरोघर फिरतो. त्याच गल्लीत दुसऱ्या मराठी शाळेच्या बाई समोरून येताना दिसतात, त्यांच्याही हातात अर्जच असतात. पटाच्या गणितामुळे एकाच माध्यमाच्या, एकाच परिस्थितीतल्या दोन शाळा एकमेकींची मुले ओढत राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रवेश मदत केंद्रातील स्वयंसेवक

वर्तुळाची पद्धत सर्वस्वी टाकाऊ आहे असे मात्र म्हणता येणार नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांसाठी तेच वर्तुळ निर्णायक ठरते. ऑनलाइन अर्ज भरताना नकाशावरचा बलून, म्हणजे जागेची खूण, आपल्या घरावर नेमका आणून ठेवावा लागतो. तिथून शाळा एक किलोमीटरच्या आत आहे, की एक ते तीन किलोमीटरमध्ये, यावर सोडतीतला अग्रक्रम ठरतो. चाळीतल्या खोलीचा बलून गल्लीभर सरकला तर हवी ती शाळा हातची जाऊ शकते आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

याच एक किलोमीटरचा वापर राज्य सरकारच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत उलट्या बाजूने झाला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला राखीव जागांतून सूट देण्यात आली. मुंबईसारख्या दाट वस्तीत अशी शाळा जवळ नसणेच विरळा, म्हणजे गरीब पालकांसाठी खासगी शाळांचे दार जवळजवळ बंदच झाले असते. उच्च न्यायालयाने मे महिन्यात या नियमाला स्थगिती दिली, जुलैत तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. जवळ शाळा असणे आणि ती शाळा पालकाने निवडलेली असणे या दोन गोष्टी नकाशावर सारख्याच दिसतात, ही या प्रकरणातली मुख्य अडचण आहे.

डोंबिवलीकर

आमच्याकडे गणित वेगळे आहे. आई-वडील दोघेही सकाळची लोकल पकडत असतील, तर मूल शाळा सुटल्यावर कुठे थांबणार, यावर शाळा ठरते. आजीचे घर किंवा पाळणाघर जिथे, तिथली शाळा. पलावासारख्या मोठ्या वसाहतींत शाळा वसाहतीच्या आतच असल्याने बाहेरच्या शाळांना तिथला पालक मिळवणे अवघड जाते. लालबागहून आलेली कुटुंबे मराठी शाळा नकोशी झाली म्हणून इथे आलेली नाहीत, परवडणारे घर मिळाले म्हणून आली आहेत.

गिरणगावकर

सर्वांचे आभार. जनरल रजिस्टरमधले, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतले, पत्ते घेऊन प्रत्येक मूल कोणत्या रस्त्याने आणि कशाने येते, याची नोंद करण्याचा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवतो. स्थलांतर आमच्या हातात नाही हे मान्य. पण जी कुटुंबे अजून याच चाळींत आहेत आणि तरीही आमच्याकडे येत नाहीत, त्यांचे काय?

उपनगरातील शिक्षिका

त्यांचा निर्णय पहिलीच्या कितीतरी आधी, मूल तीन वर्षांचे असतानाच झालेला असतो. पूर्वप्राथमिक वर्गांना अनुदान नसल्याने अनेक मराठी शाळांनी ते चालवलेच नाहीत. इंग्रजी शाळेच्या नर्सरीत बसलेले मूल मग पहिलीला तिथेच राहते. आपल्या समितीला नकाशा काढायचाच असेल, तर शाळांच्या आधी परिसरातल्या बालवाड्यांचा काढावा आणि कोणत्या बालवाडीतून पहिलीला मुले कुठे जातात, ते तिथल्या बाईंनाच विचारावे.