२१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन ०.६ आलंय, खूप कमी आहे का?

कोथरूडची_मी:
नमस्कार मैत्रिणींनो, वय ३३, पाळी कधी ३६ तर कधी ४० दिवसांनी येते. बाळासाठी प्रयत्न चालू आहेत म्हणून माझं मीच हॉर्मोन पॅकेज बुक केलं. त्यात प्रोजेस्टेरॉन पाळीच्या एकविसाव्या दिवशी द्या असं लिहिलं होतं म्हणून हिंजवडीला निघायच्या आधी घरीच सॅम्पल दिलं, संध्याकाळी व्हॉट्सअपवर पीडीएफ आली, ०.६!! इन्स्टावरच्या एका हॉर्मोन कोचला विचारलं तर म्हणे फारच लो आहे, रानकंदाची क्रीम तीन महिने लाव. गायनॅककडे पुढच्या गुरुवारी जायचंय, तोवर जीव टांगणीला लागलाय. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) नॉर्मल आहे.

लॅबमधली_ताई:
अगं आधी शांत हो. मी लॅबमध्येच असते, हा घोळ सारखा बघते. ती पीडीएफ परत उघड, आकड्याच्या बाजूला नाहीतर खाली बारीक अक्षरात फॉलिक्युलर (बीज सुटायच्या आधी), ओव्ह्युलेशन (सुटताना), ल्युटियल (सुटल्यानंतर) अशा वेगवेगळ्या रेंज असतील. ०.६ हे बीज सुटायच्या आधी अगदी नॉर्मल आहे.
प्रोजेस्टेरॉन मुख्यतः बीज सुटल्यावरच वाढतं, ज्या फॉलिकलमधून, म्हणजे बीजाच्या पिशवीतून, बीज बाहेर पडतं त्याचंच कॉर्पस ल्युटियम होतं आणि ते हे हॉर्मोन सोडतं. बीज साधारण पुढची पाळी यायच्या १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे २८ दिवसांचं चक्र असेल तर १४ व्या दिवशी, आणि त्यानंतर आठवड्याभरानं लेव्हल सगळ्यात वर, त्या २१ चं गणित एवढंच. तुझं ३८ धरलं तर बीज २४ च्या आसपास सुटणार आणि तू रक्त दिलंस २१ ला! तुझी टेस्ट ३१ च्या जवळपास हवी. पाळी मागेपुढे होते म्हणून डॉक्टर एकाऐवजी दोनदा करायला सांगतील किंवा फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज वाढून सुटतंय का ते सोनोग्राफीनं बघणं. ३ च्या वर आलं की बीज सुटलं असं धरतात, पण मग ११ आलं का १८ यात अडकू नकोस, एकाच दिवसात ते बरंच वरखाली होतं.

सहकारनगर_काकू:
क्रीमवर पैसे घालवू नकोस गं बाळा. रानकंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासूनच रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात मेक्सिकन कंद वापरून प्रोजेस्टेरॉन बनवलं होतं हे खरं आहे, पण ते प्रयोगशाळेत, आपल्या शरीराला ते जमत नाही.
मला पाळी जायच्या वयात बीज सुटणं अनियमित झालं होतं. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहायचं आणि त्याला आवरायला प्रोजेस्टेरॉनच नाही, मग पाळी आली की इतकं जायचं की पॅड पुरायचे नाहीत. डॉक्टरांनी तपासून प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली आणि झोपतानाच घ्या म्हणाल्या, कारण पोटातून घेतल्यावर त्याचं जे रूपांतर होतं त्यानं मेंदूवर गुंगी येते. दिवसा घेऊन स्कूटर चालवायची सोय नाही. तू मात्र मनानं काही सुरू करू नकोस, प्रयत्न चालू असताना तर नाहीच.

पीसीओएसवाली_चिंचवड:
कोथरूड, गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होतीस का? ती नॉरइथिस्टेरॉन असते, प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं कृत्रिम औषध, घेतली असेल तर त्या महिन्याचे दिवस मोजण्यात धरू नकोस आणि डॉक्टरांना सांग. आमच्याकडे घराघरात मेडिकलमधून आणून घेतात, पण कुणाला आधी रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये.
आणि तीन महिने पाळीच नाही असं झालं तर थांबू नकोस. माझं बीज सुटत नव्हतं, अस्तर जाड होत गेलं होतं, आधी प्रेग्नन्सी नाही ना बघितलं, मग गोळ्यांचा कोर्स दिला, संपल्यावर काही दिवसांनी पाळी आली.

कोथरूडची_मी:
ताई, खरंच फॉलिक्युलरची रेंज वेगळी आहे, त्यात ०.६ बसतंय!! हायसं वाटलं. काकू, क्रीम कॅन्सल. गौरीत गोळी घेतली होती हो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गुरुवारी काय काय नेऊ?

लॅबमधली_ताई:
मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, पहिला दिवस धरून, गोळी घेतली ते दिवस त्यातच लिही. प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं हॉर्मोन) पॅकेजमध्ये होतं का ते बघ, नसेल तर डॉक्टरांना विचार, ते वाढलं तरी बीज सुटणं अडतं.